युद्धजखमेची पेन्शन : या सरकारी सेवेत काय चांगलं, काय अडतं, कागद कुठे फिरतो

लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला त्या जखमेची सरकारदरबारी दखल हवी असेल तर पाच उंबरे ओलांडावे लागतात : युनिट, मेडिकल बोर्ड, रेकॉर्ड ऑफिस, प्रयागराजचं पेन्शन कार्यालय आणि नाकारलं गेलं तर अपील. ही सगळी मिळून एक सेवाच आहे, म्हणून तिचं परीक्षणही एकत्रच करायला हवं. आमचं मत असं : नियम उदार आहेत आणि मंजुरी मिळाली की पैसा नियमित येतो. पण हा सगळा डोलारा एका ओळीवर उभा आहे, आणि ती ओळ जवान दवाखान्यात पडलेला असताना दुसराच कुणीतरी लिहितो.

ती ओळ म्हणजे पार्ट टू ऑर्डरमधली (युनिट जवानाच्या सेवेतल्या घटना ज्यात नोंदवतं त्या आदेशातली) नोंद : ‘बॅटल कॅज्युअल्टी’ की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. जवानांच्या बोलण्यात बीसी आणि पीसी. आर्मी ऑर्डर 1/2003 नुसार हे वर्गीकरण होतं. पाय तोच, सुरुंग तोच. पण नोंद पीसी झाली की पुढे सगळ्या टेबलांवर ती जखम ‘ड्युटीवर झालेला अपघात’ म्हणूनच वाचली जाते.

फरक किती पडतो ते हिशेबानेच पाहावं. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात अपंगत्वाच्या कारणांचे ए ते ई असे पाच वर्ग आहेत. सेवेमुळे झालेला किंवा बळावलेला आजार बी मध्ये, ड्युटीवरचा अपघात सी मध्ये, शत्रूची कारवाई आणि युद्धसदृश परिस्थिती ई मध्ये. बी आणि सी साठी डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळतो. 100 टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो. ई साठी वॉर इंज्युरी एलिमेंट मिळतो. जखमेनंतरही सेवेत राहून पुढे निवृत्त झालेल्याला 100 टक्के अपंगत्वासाठी तो शेवटच्या वेतनाच्या 60 टक्के, आणि जखमेमुळेच बोर्डआउट झालेल्याला, म्हणजे मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवून सेवेतून काढलेल्याला, पूर्ण वेतनाइतका. समजा हिशेबात धरलं जाणारं शेवटचं वेतन 50,000 रुपये आहे आणि हिशेबात धरलं जाणारं अपंगत्व 50 टक्के. सी मध्ये महिना 7,500 रुपये, ई मध्ये निवृत्तीनंतर 15,000, बोर्डआउट झाल्यास 25,000. सर्व्हिस एलिमेंट (सेवेपोटी मिळणारा पेन्शनचा भाग) आणि महागाई भत्ता याखेरीज. दोन अक्षरांच्या नोंदीने जन्मभराचा एवढा फरक पडतो.

21 सप्टेंबर 2023 पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे या पेन्शनच्या पात्रतेचे नियम, लागू झाले. त्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे, आधीच्यांना जुने. अर्ज लिहिताना कुठल्या वर्षाचा नियम आपल्याला लागतो ते आधी ठरवा. चुकीच्या नियमाचा हवाला दिलेला अर्ज वाचणाऱ्याला नाकारायचं कारण आयतंच मिळतं.

ई वर्गात गोळीबार आणि तोफगोळेच येतात असा समज आहे. तो चूक. सीमेवरची चकमक, परदेशातली शांतिसेना, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट, ऑपरेशनल भागाकडे जाताना वाटेत अतिरेक्यांनी घडवलेला स्फोट, जिवंत दारूगोळ्याने होणारा बॅटल इनॉक्युलेशन सराव, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, सरकारने खास अधिसूचित केलेली ऑपरेशन्स, हे सगळं त्यात आहे. स्वतःच्याच सैन्याने पेरलेल्या सुरुंगावर पाय पडला तरी जागा नियंत्रण रेषेजवळची किंवा आंतरराष्ट्रीय सीमेजवळची असेल तर दावा ई मध्येच बसतो. अनेक जवान ‘आपलाच सुरुंग होता’ म्हणून गप्प बसतात, ते पाहून वाईट वाटतं.

याच्या उलट, ‘ऑपरेशनल एरियात होतो’ एवढंच म्हणून भागत नाही. तिथेच गाडी उलटली किंवा बर्फावरून घसरून पडला, तर विभाग बहुधा सी कडे ढकलतो आणि खरा वाद तिथेच होतो. अशा प्रकरणांत हवामान आणि भूभागाची नोंद कामाला येते. नियंत्रण रेषेवर कडाक्याच्या थंडीत गस्त घालताना तब्येत बिघडून दगावलेल्या जवानाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन द्यावं, या आदेशाविरुद्ध केंद्राने केलेलं अपील सर्वोच्च न्यायालयाने 3 डिसेंबर 2024 रोजी फेटाळलं आणि वर 50 हजार रुपयांचा खर्चही लावला. दावा कुटुंब पेन्शनचा असला तरी बॅटल कॅज्युअल्टी कशाला म्हणायचं, या मुद्द्यावर त्या निकालाचा आधार घेता येतो.

युनिट या उंबऱ्याला आम्ही सगळ्यात कमी गुण देऊ. तिथली माणसं वाईट म्हणून नाही. लढाई चालू असताना कारकुनी शेवटी राहते म्हणून. जखमीची खबर देणारा पहिला कॅज्युअल्टी सिग्नल घाईत जातो, सविस्तर अहवाल नंतर. दोन्हीतल्या शब्दांत फरक पडला की पुढचा प्रत्येक अधिकारी कमी लाभ देणारा शब्द उचलतो. सिग्नलमध्ये ‘स्प्लिंटर’ (छर्रा), इंज्युरी रिपोर्टमध्ये ‘पडून मार’, अशी जोडी झाली तर दावा तिथेच लंगडा होतो. म्हणून सेवेत असतानाच पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, इंज्युरी रिपोर्टवरचं कमांडिंग ऑफिसरचं मत, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असेल तर तिचा निष्कर्ष आणि लष्करी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, या चार गोष्टींच्या प्रती घरी ठेवाव्यात. ट्रंकेत नव्हे, घरच्यांना सापडतील अशा जागी.

मेडिकल बोर्डाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे बोर्डच सगळं ठरवतं. आजाराच्या बाबतीत बोर्डाचं मत निर्णायक असतं. जखमेच्या बाबतीत ती सेवेमुळे झाली का, हे प्रशासकीय अधिकारी ठरवतात. बोर्ड टक्केवारी आणि वैद्यकीय बाजू पाहतं. त्यामुळे बोर्डासमोर डॉक्टरांशी बीसी-पीसीवर वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे लक्ष द्यायचं ते दुसरीकडे.

सेवा संपताना एएफएमएसएफ-16 या फॉर्मवर रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड होतं. त्यात जवानाच्या स्वतःच्या निवेदनाचा भाग असतो. तो बहुतेक वेळा कारकून भरतो आणि जवान खाली सही करतो. हे करू नये. तारीख, जागा, ऑपरेशनचं नाव, कशाने जखम झाली आणि पहिला उपचार कुठे झाला, या पाच गोष्टी स्वतःच्या शब्दांत त्यात असायलाच हव्यात. मग प्रत्येक इजा वेगळी लिहून घ्यावी. स्फोटात पाय गेला की सगळ्यांची नजर पायावर असते. त्याच स्फोटाने कमी झालेलं ऐकू येणं, शरीरात राहिलेले छर्रे, रात्रीची झोप उडवणारा मानसिक आघात, यांची नावंच फॉर्मवर येत नाहीत. नोंद नसलेल्या इजेला टक्केवारी मिळत नाही. दोन इजांचे टक्के सरळ बेरीज करून मिळत नाहीत, बोर्ड एकत्रित आकडा काढतं. तरी प्रत्येक इजा स्वतंत्र दिसली पाहिजे.

टक्केवारीला पुढे राउंडिंग ऑफ होतं, म्हणजे ती वरच्या टप्प्यावर नेली जाते : 50 पेक्षा कमी असेल तर 50, 50 ते 75 ला 75, 76 ते 100 ला 100. सुरुवातीला हा लाभ फक्त बोर्डआउट झालेल्यांना देत. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 डिसेंबर 2014 च्या निकालाने तो मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. जुन्या निवृत्तांपैकी ज्यांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) अजून 30 किंवा 40 असा आकडा आहे त्यांनी तो आजच काढून पाहावा.

कायम स्वरूपाच्या अपंगत्वाची टक्केवारी जन्मभरासाठी अंतिम असते आणि दरवेळी पुन्हा तपासणी नसते. ही या सेवेतली खरोखर चांगली सुधारणा आहे. जखम वाढली तर जवान स्वतः फेरतपासणी मागू शकतो. 100 टक्के अपंगत्व असेल आणि सतत मदतनीस लागत असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्सची शिफारस बोर्डाकडूनच लिहून घ्यावी लागते, नंतर ती मिळवणं जिकिरीचं होतं.

दोन सापळे स्वतः जवानच लावून घेतात. पहिला, बढती किंवा मुदतवाढीसाठी वैद्यकीय कॅटेगरी वाढवून शेप-1, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, करून घेणं. शेप-1 मध्ये निवृत्त झाल्यावर रिलीज मेडिकल बोर्डच होत नाही, मग टक्केवारी कुठून येणार? कारगिलमध्ये जखमी झालेल्या आणि पुढे शेप-1 होऊन निवृत्त झालेल्या माणसाला आपली जखम सिद्ध करायला मग नव्याने सुरुवात करावी लागते. दुसरा सापळा म्हणजे एकरकमी भरपाई. जखमेनंतर सेवेत ठेवलेल्यांना वॉर इंज्युरी एलिमेंटऐवजी एकरकमी रक्कम घेण्याचा पर्याय असतो. ती घेतली की निवृत्तीनंतर दरमहाचा एलिमेंट मिळत नाही. तिशीत हातात आलेली रक्कम मोठी वाटते, पण पुढची तीस-चाळीस वर्षं मोजून पाहा.

रेकॉर्ड ऑफिसचा अनुभव रेजिमेंटप्रमाणे बदलतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. प्रत्यक्ष गेल्यास काम लवकर कळतं, पण कळणं वेगळं आणि लेखी मिळणं वेगळं. लेखी हवं तर माहिती अधिकार. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. मागणी नेमकी करा : माझ्या सेवा क्रमांकाचा पहिला आणि सविस्तर कॅज्युअल्टी अहवाल, पार्ट टू ऑर्डर, इंज्युरी रिपोर्ट, एएफएमएसएफ-15 आणि 16 हे मेडिकल बोर्डाचे फॉर्म, दावा नाकारल्याचं पत्र. ऑपरेशनची माहिती किंवा संपूर्ण वॉर डायरी (युनिटची लढाईतली रोजनिशी) मागू नका. सुरक्षेच्या कारणाने नकार येतो आणि महिना वाया जातो. पेन्शनविना बाहेर पडलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे, त्यांनी निदान लॉंग रोल या नोंदवहीतली नोंद मागावी, ती कायम ठेवली जाते.

नोंदच चुकली असेल तर थेट पेन्शनवर भांडू नका, आधी नोंद दुरुस्त करून मागा. अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे. सोबत त्याच प्लाटूनमधल्या दोन-तीन साथीदारांची प्रतिज्ञापत्रं, त्यांचे सेवा क्रमांक, त्या दिवशी ते कुठे होते हे स्पष्ट लिहिलेलं. ‘हे शूर होते’ अशा वाक्यांचा उपयोग नाही. ‘मी त्यांना उचलून मदत केंद्रात नेलं’ या वाक्याचा आहे.

पेन्शन कार्यालयाचा कारभार आता ज्यावर दिसतो त्या स्पर्श या ऑनलाइन पोर्टलबद्दल थोडक्यात. पीपीओ उघडून चार रकाने पाहा : सेवामुक्तीचा प्रकार, एलिमेंटचं नाव, टक्केवारी, लागू झाल्याची तारीख. जुन्या यादीतून माहिती उतरवताना ‘वॉर इंज्युरी’ ऐवजी ‘डिसॅबिलिटी’ आलं असेल तर पोर्टलवरच तक्रार टाका आणि मूळ पीपीओ जोडा. वर्षाचा हयातीचा दाखला चुकवू नका.

दावा नाकारला तर पहिलं अपील सहा महिन्यांत, दुसरंही तसंच. नकाराच्या पत्रात कारण काय दिलंय त्यालाच उत्तर द्यावं. सगळी सेवागाथा लिहिली की मुद्दा हरवतो. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, 2007 च्या कायद्याने झालेलं, मुंबईतही खंडपीठ असलेलं. पाचही उंबऱ्यांत इथे आमचा सर्वांत जास्त विश्वास आहे, कारण इथे विभागाला मूळ कागद दाखवावे लागतात. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी मग सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय निर्णय घेत नाही, तरी अर्ज लिहायला आणि राज्याच्या मदतीसाठी पहिलं पाऊल तिथेच टाकावं. कृत्रिम पायासाठी पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तिथे जायचं थांबू नका.

पराक्रम पदकाची गोष्ट मात्र वेगळी. ते शत्रूच्या थेट कारवाईत झालेल्या जखमेसाठी आहे, त्याची अट ई वर्गापेक्षा अरुंद आहे, आणि पदक मिळालं म्हणून पेन्शन आपोआप बदलत नाही. पण डिस्चार्ज बुकात त्याची नोंद असेल तर ते पान दाव्याला पहिलं जोडा. ज्या सरकारने ‘शत्रूच्या हातून जखमी’ म्हणून पदक दिलं, त्याला त्याच जखमेला अपघात म्हणणं अवघड जातं.