रेचं आडनाव काय लिहायचं: पॅल्पटीन की स्कायवॉकर?

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर 'स्टार वॉर्स'चे तीन-चार चाहते जमले की हा वाद निघतोच. आता आमच्यातल्या एकीला कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी या पात्रांची वंशावळ काढायची आहे आणि अलीकडच्या चित्रपटांची नायिका रे हिच्या नावापुढे तिचं पेन अडलंय. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अडलेल्यांसाठी दोन्ही बाजू मांडतो.

रक्ताचं नातं पॅल्पटीनच्या बाजूने आहे. २०१५ च्या चित्रपटात जाक्कूच्या वाळवंटात भंगार वेचणाऱ्या रेला आडनावच नाही. २०१७ च्या चित्रपटात तिचा शत्रू कायलो रेन तिला सांगतो की तुझे आईबाप कुणीच नव्हते, दारूच्या पैशांसाठी त्यांनी तुला विकलं. २०१९ मध्ये मात्र कळतं की ती कथेतला मोठा खलनायक सम्राट पॅल्पटीन याची नात आहे, त्याच्या मुलाची मुलगी. आपल्या रीतीने बघितलं तर आजोबांचंच आडनाव तिला लागेल. पण तिचे आईबाप तिला याच आजोबापासून लपवत होते आणि तिचा ठावठिकाणा सांगितला नाही म्हणून मारले गेले. त्यांनी जिवावर उदार होऊन लेकीला ज्या माणसापासून वाचवलं, त्याचंच नाव आपण तिला चिकटवायचं, हे मला पटत नाही.

शेवटी टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर एक म्हातारी तिला नाव विचारते. समोर तिचे दिवंगत गुरू, ल्यूक स्कायवॉकर आणि त्याची बहीण लेया, दिसतात आणि ती 'रे स्कायवॉकर' म्हणते. यावर हमखास आक्षेप येतो की तिला रीतसर दत्तक कुणी घेतलं? ल्यूक तर आधी शिकवायलाही तयार नव्हता.

दत्तकाचा विषय सातारकरांना नवा नाही. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी निधनापूर्वी दत्तक घेतला. डलहौसीने तो नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. राज्य गिळायचं होतं, म्हणून रक्ताच्या वारसाची सबब पुढे केली गेली. घरात कोण आलं हे घरच्यांनी ठरवायचं असतं, असं मी ठामपणे मानतो. रेच्या बाबतीत घरचे म्हणजे ल्यूक आणि लेया, आणि तिला बघून दोघंही प्रसन्न हसतात.

शिवाय या कथेत रक्तावरून आडनाव हा नियम आहेच कुठे? ल्यूक-लेयाचा बाप अनाकिन, त्याला बापच नाही, त्याचं स्कायवॉकर हे नाव आईकडून, गुलामगिरीत जगणाऱ्या श्मीकडून आलं. कथेतला दुसरा नायक हान, त्याला 'सोलो' हे नाव सैन्यभरती करणाऱ्या अधिकाऱ्याने दिलं, हे २०१८ च्या चित्रपटात दिसतं.

खरा अवघड मुद्दा वेगळाच आहे आणि तो फार कमी जण काढतात. रेला शेवटी घडवलं लेयाने, आणि लेया स्वतः स्कायवॉकर नाव लावत नाही. जन्माने ती डार्थ व्हेडरची, म्हणजे पूर्वीच्या अनाकिनचीच मुलगी, पण आल्डेरान ग्रहावरच्या बेल आणि ब्रेहा ऑर्गाना यांनी तिला वाढवलं. १९७७ पासून ती ऑर्गानाच राहिली, ग्रह नष्ट झाल्यावरसुद्धा. मग रेने गुरूचं नाव घ्यायचं तर 'रे ऑर्गाना' का नको? यावर मी बराच विचार केला. रे टॅटूइनच्या वाळूत ल्यूक आणि लेया दोघांच्याही लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारी, पुरते. ऑर्गाना म्हटलं की ल्यूक सुटतो. भावंडांना जोडणारं जन्माचं नाव एकच, स्कायवॉकर.

नुसतं 'रे' लिहिणं २०१७ पर्यंतच्या तक्त्यात ठीक आहे, पुढे ती पळवाट ठरेल.

म्हणून भित्तिपत्रकावर 'रे स्कायवॉकर' लिही. पॅल्पटीनकडून तिच्यापर्यंत तुटक रेघ काढ, कारण जन्म लपवायचं काही कारण नाही. ल्यूक आणि लेयाकडून येणारी रेघ ठळक काढ आणि कोपऱ्यात दोन्ही रेघांचा अर्थ लिही. लेयाच्या चौकटीत मात्र ऑर्गानाच ठेव.