केटी टेलरचा रस्ता की अमांडा सेरानोचा? मुलगी बॉक्सिंग करते त्या इंदूरकर आईबाबांसाठी

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुली बॉक्सिंगला जातात याचं आता कुणाला फारसं नवल वाटत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांबरोबर आखाड्यांच्या मुली लाठी-तलवार फिरवत जातात, ते आपण सगळ्यांनीच रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलंय, त्यामुळे मुलगी हात चालवते म्हणून घरात पूर्वीसारखी रडारड होत नाही. खरा घोळ सुरू होतो तो ती सतरा-अठराची झाली आणि स्टेटला एखादं मेडल आलं की. मग घरात रोज तेच, आता पुढे काय? नॅशनल, कॅम्प, एशियन, ऑलिंपिक हा लांबलचक अमॅच्युअरचा रस्ता धरायचा की सरळ प्रो, म्हणजे प्रमोटरकडे सही करून पैशांसाठी लढणारी व्यावसायिक बॉक्सर व्हायचं, कारण मुलीच्या मोबाइलवर दिवसभर दिसतं ते प्रोच, खांद्यावर बेल्ट, लाइट्स, रिंगमध्ये येतानाचं म्युझिक, आणि रकमांचे आकडे.

हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या घरांतून आलाय म्हणून एकदा नीट लिहून काढते. दोघींना शेजारी शेजारी ठेवू, आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो. दोघी वर्ल्ड चॅम्पियन, तीनदा एकमेकींशी लढलेल्या, आणि रस्ते एकदम उलटे.

केटी 1986 ची, ब्रे नावाच्या छोट्या गावातली. वडील पीट स्वतः बॉक्सर, तेच पहिले कोच. ती लहान असताना तिथे मुलींच्या अधिकृत मॅचेसच नव्हत्या, मुलगा म्हणून केस हेडगार्डमध्ये दडवून लढायची, 2001 मध्ये आयर्लंडमधली मुलींची पहिली अधिकृत मॅच झाली ती हिचीच, तेव्हा पंधरा वर्षांची होती. मग 2006 ते 2014 मध्ये ओळीने पाच वर्ल्ड चॅम्पियनशिप गोल्ड आणि 2012 ला लंडनचं ऑलिंपिक गोल्ड, 60 किलोत. रिओला मात्र क्वार्टर फायनललाच हरली, आणि त्याच वर्षी, म्हणजे 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी प्रो झाली. हे वय लक्षात ठेवा. एक वर्षही झालं नव्हतं आणि 2017 च्या ऑक्टोबरमध्ये कार्डिफला आनाही सांचेझला हरवून पहिला वर्ल्ड बेल्ट मिळाला, आणि 2019 च्या जूनमध्ये डेल्फिन पर्सूनशी लढून लाइटवेट या वजनाचे चारही बेल्ट एकत्र. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटनांचे बेल्ट ज्याच्याकडे त्याला अनडिस्प्युटेड म्हणतात, तुमची मुलगी दिवसातून चार वेळा हा शब्द बोलत असेलच.

अमांडा 1988 ची, जन्म पोर्तो रिकोचा, वाढली ब्रुकलिनमध्ये. मोठी बहीण सिंडी बॉक्सर, तिचा नवरा जॉर्डन माल्डोनाडो कोच, म्हणजे अमांडाला घडवलं ते जिजाजींनी. अमॅच्युअर थोडंसं खेळली आणि 2009 मध्ये विशीतच प्रो झाली. आता गंमत नाही, वाईट वाटावं अशी गोष्ट बघा, त्याच 2009 च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक समितीने ठरवलं की लंडनला महिलांचं बॉक्सिंग असणार. अमांडा ज्या वर्षी वळली त्या वर्षापर्यंत तिच्यासमोर ऑलिंपिक हा रस्ताच नव्हता. तुमच्या मुलीसमोर तो आहे, आणि दोघींची तुलना करताना माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच आहे. अमांडाने थेट प्रो होणं निवडलं असं आपण म्हणतो, पण तिच्याकडे निवडायला होतंच काय.

2011 मध्ये तिने पहिला वर्ल्ड बेल्ट जिंकला. 2012 मध्ये स्वीडनला जाऊन फ्रिडा वॉलबर्गकडून हरली, त्यानंतर कित्येक वर्षं हरलीच नाही, सात वेगवेगळ्या वजनांत वर्ल्ड टायटल. सात! आणि तरी ती वर्षानुवर्षं किरकोळ पैशांत लढत राहिली, मध्ये एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) केजमध्येही उतरली, लोकांना नाव माहीत नव्हतं. मोठा पैसा आला तो 2021 नंतर, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलच्या प्रमोशन कंपनीने हात धरल्यावर. म्हणजे प्रो झाल्यावर साधारण बारा वर्षांनी.

मग आली 30 एप्रिल 2022 ची रात्र, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, तिथे पहिल्यांदाच दोन बायकांची फाइट हीच मुख्य फाइट, 19,187 लोक, एक खुर्ची रिकामी नाही. दोघींनाही दहा लाख डॉलरच्या वर. त्या रात्री केटीच्या नावावर 20 प्रो फाइट्स होत्या आणि अमांडाच्या नावावर 44. एकीने साडेपाच वर्षांत तिथे पाऊल ठेवलं, दुसरीला तेरा वर्षं लागली, आणि ताकदीत अमांडा तसूभरही कमी नव्हती. पाचवा राउंड मुलीबरोबर बसून बघा, आवाज बंद करून बघा. अमांडा केटीला कोपऱ्यात दाबते आणि डाव्या हाताचा मारा सुरू करते, केटीचे पाय हलतात, नाकातून रक्त येतंय, आपल्याला वाटतं संपलं. पण ती पडत नाही, बिलगते, श्वास घेते, परत हात काढते, आणि पुढच्या राउंड्समध्ये हळूहळू पाय चालवत मॅच आपल्याकडे ओढते. हे कुठून आलं? अमॅच्युअरमध्ये आठवडाभरात चार-पाच वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या स्टाइलच्या मुलींशी लढायचं, लेफ्टी येते, उंच येते, बुटकी घुसणारी येते, आणि प्रत्येकीचं कोडं तिथल्या तिथे सोडवायचं, हे ज्याने पंधरा वर्षं केलंय त्याचं डोकं मार खातानाही चालू राहतं. निकाल स्प्लिट लागला, म्हणजे तीन जजेसचं एकमत झालं नाही, 97-93 आणि 96-93 केटीकडे, 96-94 अमांडाकडे.

2024 ला टेक्सासमध्ये परत लढल्या, तिन्ही जजेसनी 95-94 केटीला दिलं. त्या मॅचमध्ये डोक्याला डोकं आपटून अमांडाची भुवई उघडी पडली होती आणि केटीचा एक पॉइंट कापला गेला होता, मला स्वतःला ती मॅच अमांडाची वाटली आणि अजूनही वाटते. 2025 च्या जुलैमध्ये तिसरी, परत मॅडिसन स्क्वेअर गार्डन, यावेळी केटी मागे मागे राहून शांतपणे खेळली, 97-93, 97-93, 95-95. एक गोष्ट विसरू नका, अमांडा मुळात 57 किलोची, शेवटच्या दोन फाइट्स झाल्या 63.5 किलोच्या गटाच्या बेल्टसाठी, म्हणजे ती तीन गट वर चढून लढली. 3-0 वाचून कुणी तिला कमी लेखू नये.

आता आपल्या मुलींकडे या.

अमॅच्युअरमध्ये तीन राउंड, प्रत्येकी तीन मिनिटं. प्रोमध्ये बायकांच्या टायटल फाइटला दहा राउंड, दोन-दोन मिनिटांचे. (अमांडाने 2023 मध्ये हट्टाने पुरुषांसारखे तीन मिनिटांचे बारा राउंड खेळून दाखवले आणि डब्ल्यूबीसी मानत नाही म्हणून त्यांचा बेल्टच सोडून दिला, या बाईबद्दल मला अतोनात आदर आहे.) म्हणजे नऊ मिनिटं विरुद्ध वीस मिनिटं. अमॅच्युअरमध्ये मुलींना हेडगार्ड, प्रोमध्ये नाही. ग्लोव्ह्ज हलक्या वजनांना प्रोमध्ये 8 औंसाचे, अमॅच्युअरमध्ये साधारण 10. ऐकायला दोन औंस म्हणजे काहीच नाही, पण मी स्पर्धांना मुलींच्या हाताला पट्ट्या बांधायला बसते तेव्हा रोज बघते, पट्टी सोडली की तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठी लाल, सुजलेल्या, कातडी निघालेली, आणि हे जाड ग्लोव्ह्जमध्ये, नऊ मिनिटांनंतर. सतरा वर्षांच्या हाडांना घाई कशाला?

हरण्याचा हिशोबही वेगळा आहे आणि हे आईबाबांच्या लवकर लक्षात येत नाही. अमॅच्युअरमधली हार पुढच्या टूर्नामेंटला कुणाला आठवत नाही. अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स 2012 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला इंग्लंडच्या सवाना मार्शलकडून हरली, तीनच महिन्यांत लंडनला ऑलिंपिक गोल्ड घेतलं, रिओला दुसरं, आणि दहा वर्षांनी 2022 मध्ये लंडनलाच प्रोमध्ये त्याच मार्शलला हरवून चारही बेल्ट नेले. प्रोमध्ये मात्र हार रेकॉर्डला कायमची चिकटते. ओळख नसलेली मुलगी सुरुवातीलाच दोन-तीन हरली की प्रमोटर तिला दुसऱ्याच्या स्टारसमोर हरायला म्हणून बोलावायला लागतात. केटीची पहिली प्रो हार आली ती सलग 22 जिंकल्यावर, मे 2023 ला डब्लिनमध्ये शॅंटेल कॅमरूनकडून, तोपर्यंत तिचं नाव एवढं मोठं होतं की सहा महिन्यांत रिमॅच मिळाली आणि तीही जिंकली. नवख्या मुलीला रिमॅच कोण देतो?

आणि पैसा. इथे इंदूरच्या घराने अगदी जमिनीवर राहून विचार करावा. आपल्याकडे महिला बॉक्सरचं घर चालतं ते बहुतेक वेळा नोकरीवर, आणि नोकरी मिळते अमॅच्युअरच्या मेडलवर. निखत झरीन 2022 आणि 2023 ची वर्ल्ड चॅम्पियन, तेलंगणा पोलिसात डीएसपी. लवलीना बोरगोहेन टोकियोचं ब्रॉन्झ, आसाम पोलिसात डीएसपी. जास्मिन लंबोरिया आर्मीत, 2025 ला लिव्हरपूलला 57 किलोचं वर्ल्ड गोल्ड. रेल्वे, पोलीस, आर्मी, सगळीकडे स्पोर्ट्स कोटा आहे, आपल्या मध्य प्रदेशात विक्रम पुरस्कार मिळाला तर सरकारी नोकरीचा रस्ता उघडतो, आणि भोपाळला राज्याची बॉक्सिंग अकॅडमी आहे, निवड झाली तर राहणं-खाणं-ट्रेनिंग सगळं तिथेच. इंदूरहून भोपाळ म्हणजे सकाळी निघून दुपारी मुलीला भेटून रात्री घरी परत. प्रोचं याच्या शेजारी ठेवून बघा, देशात महिलांचे प्रो शो मोजकेच होतात, मेडिकल, प्रवास, कोच, स्पारिंग पार्टनर यांचा खर्च बऱ्याचदा बॉक्सरच्याच डोक्यावर, आणि फाइट रद्द झाली की त्या महिन्याचं काहीच नाही.

आपली सरिता देवी आठवा. 2006 ची वर्ल्ड चॅम्पियन, अमॅच्युअरमध्ये सगळं बघितलेली, 2017 मध्ये इंफाळला आपल्या लोकांसमोर प्रो झाली, हंगेरीच्या झोफिया बेडोला हरवलं, आणि 2018 ला परत भारताच्या टीममधून कॉमनवेल्थ खेळायला ऑस्ट्रेलियात. एवढ्या मोठ्या नावाला इथे प्रोमध्ये पुढचं मैदान मिळालं नाही, हे मला आजही टोचतं. 2016 पासून प्रो बॉक्सरलाही ऑलिंपिकला येता येतं हे खरं, पण क्वालिफायरमधूनच, आणि कॅम्पमधली जागा एकदा सोडली की परत मिळवायला ट्रायलमध्ये तिशीच्या आतल्या ताज्या पोरींना हरवावं लागतं.

अमॅच्युअरमध्ये सगळं गोड आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ट्रायल्सवरून वाद होतात, एका वजनात देशातून एकच मुलगी जाते, तुमच्या मुलीच्या वजनात निखतसारखी कुणी असली तर ती कितीही चांगली असो, वर्षानुवर्षं दोन नंबरला बसून राहील. ज्या दिवशी मॅच त्या सकाळी वजन मोजतात, त्यामुळे टूर्नामेंटभर पोटाला चिमटा. ऑलिंपिकमधून बॉक्सिंग जातं की काय अशीही मध्ये धाकधूक होती, जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता 2023 ला गेली, मग 2025 च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस 2028 साठी बॉक्सिंग पक्कं झालं. आता ती भीती दाखवून कुणी प्रोकडे ओढत असेल तर ऐकू नका.

तर मुलगी एकोणीसच्या आत असेल तर माझं उत्तर सरळ आहे, केटीचा रस्ता. अकॅडमीची ट्रायल द्या, नॅशनल खेळा, बारावी आणि कॉलेज सुटू देऊ नका. बावीस-तेवीसला नॅशनलचं मेडल आणि हातात नोकरी असेल आणि तिला वरचं मैदान दिसत असेल तर 2028 पर्यंत थांबा, केटी तिसाव्या वर्षी प्रो होऊन अनडिस्प्युटेड झाली, सव्वीस-सत्तावीस म्हणजे उशीर नाही. पण मुलगी चोवीसच्या पुढे असेल, वजनात पुढे एखादी भिंत उभी असेल, आणि तिची स्टाइलच पुढे चालत जाऊन अंगावर मारायची, उशिरा तापणारी, तिसऱ्या राउंडनंतर जिची खरी मॅच सुरू होते अशी असेल, तर प्रोचा विचार जरूर करा. अशा मुली अमॅच्युअरच्या नऊ मिनिटांत दिसतच नाहीत. पुढे चालत जाऊन मारण्यात अमांडा तशीच होती.

तो विचार करताना कॉन्ट्रॅक्ट घरी आणा, ओळखीच्या वकिलाला दाखवा, आणि प्रमोटरला समोर बसवून विचारा की वर्षाला किती फाइट्सची लेखी हमी, मेडिकल आणि ब्रेन स्कॅनचा खर्च कुणाचा, दुखापतीचा इन्शुरन्स आहे का, किती वर्षं बांधून घेणार, फाइट रद्द झाली तर काय, आणि दुसऱ्याच्या शहरात शेवटच्या आठवड्यात जास्त वजनाच्या मुलीशी लढायला नाही म्हणायचा हक्क तिला आहे का. मुलीलाही त्या बैठकीत बसवा, दार लावून मोठ्यांनी परस्पर ठरवू नका. कोच "आपल्यातलेच" आहेत म्हणून सही करू नका, अमांडाचा कोच तर तिच्या घरातला होता आणि तरी तिला बारा वर्षं लागली.