कोणी मारलं, की का मारलं?

शेरलॉक होम्स बहुतेकांचा शाळेतच वाचून झालेला असतो. बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेले असतात, आणि हाती लागले तर पानं सुट्टी झालेल्या अवस्थेत. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद कॉलेजात होऊन जातो. त्यानंतर 'रहस्यकथांत आता पुढे काय वाचू' असं विचारणाऱ्यापुढे माझ्या मते तीन वाटा उरतात: अगाथा ख्रिस्तीचं इंग्लंड, बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षीचं कोलकाता आणि जॉर्ज सिमेनॉनच्या इन्स्पेक्टर मेग्रेचं पॅरिस. मी तिन्ही वाटांनी बऱ्यापैकी फिरलोय.

ख्रिस्तीबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही. तिची खेडी, चहापान, पाद्रीबाबा हे सगळं परकं असलं तरी आपल्याकडच्या वाचकाला दहा पानांत ते घरचं वाटायला लागतं. म्हातारा मृत्युपत्र बदलणार अशी कुणकुण, दुसऱ्या बायकोवर सगळ्यांचा डोळा, कर्जात बुडालेला पुतण्या, आणि जेवताना सगळे एकमेकांशी गोडगोड. सातबाऱ्यावर नाव चढवायची वेळ आली की भावकी कशी फिरते हे ज्यानं पाहिलंय, त्याला खुनाचा हेतू समजावून सांगावा लागत नाही. विषाच्या बाबतीत तर ती पक्की. पहिल्या महायुद्धात तिनं रुग्णालयाच्या औषधखान्यात काम केलेलं, त्यामुळे कशानं काय होतं हे ती अंदाजपंचे लिहीत नाही. शिवाय मराठीतही तिची पुस्तकं बरीच आली आहेत.

अडचण तिच्या लेखनात नाही, ती आपल्यापर्यंत पोचते कशी त्यात आहे. मराठवाड्यात अशी पुस्तकं हाती येतात ती वाचनालयातून, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून. म्हणजे आधी कुणीतरी वाचलेली. आणि वाचकांत एक जमात अशी असते, की शेवट कळला की तिच्या पोटात राहत नाही. मी सभासद असलेल्या वाचनालयातल्या एका ख्रिस्तीच्या प्रतीत, दुसऱ्याच प्रकरणात, एका नावाभोवती निळ्या बॉलपेननं गोल केलेला आणि शेजारी लिहिलेलं, 'हाच'. त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, 'बरोबर'. ग्रंथपालांना नेऊन दाखवलं तर ते म्हणाले, "मग काय, तुमचा वाचायचा वेळ वाचला की!" पुढच्या वेळी दुसरी कादंबरी नेली, तर तिच्यात शेवटच्या प्रकरणाची पानंच गायब. कोण जास्त दुष्ट, पानं फाडणारा की नाव लिहिणारा, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर वाद झालेला आहे. माझं मत नाव लिहिणारा. फाटलेली पानं दुसऱ्या प्रतीत तरी मिळतात.

ख्रिस्तीचा सगळा खेळ 'कोणी' या प्रश्नावर उभा. 1926 ची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या. तिचा शेवट आधी कळला, तर हातात उरतं ते कुणीतरी भरून ठेवलेलं शब्दकोडं. नवं पुस्तक विकत घेणाऱ्याला किंवा मोबाइलवर वाचणाऱ्याला हा त्रास नाही, हे मान्य. त्यांनी माझं फार मनावर घेऊ नये.

ब्योमकेश या बाबतीत मधला. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी त्याला 1932 मध्ये जन्माला घातलं. सिनेमासाठी मुंबईला आलेले शरदिंदु नंतर पुण्यातच राहिले, त्यामुळे एक ब्योमकेशकथा चक्क महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते. पण खरी मजा कोलकात्याची. 'आदिम रिपु'मध्ये खुनाच्या भोवती 1946 च्या दंगलीचं शहर आहे, आणि खुनी माहीत असला तरी ते शहर वाचण्यासारखं राहतं. हिंदीत सहज मिळतो, आणि आपल्या भागात हिंदी वाचायला कुणाला जड जात नाही. फक्त बहुतेक कथा आणि लघुकादंबऱ्या आहेत. चारशे पानांत बुडायचंय अशांना तो पुरत नाही.

मेग्रेकडे मी थोडा उशिरा वळलो. सिमेनॉननं त्याच्यावर 75 कादंबऱ्या लिहिल्या, बहुतेक दीड-दोनशे पानांच्या. देवगिरी एक्सप्रेसमध्ये नांदेडला बसलात तर मुंबई यायच्या आत एक आरामात संपते. इंग्रजी अनुवादही सोपे, कारण सिमेनॉन मुळातच मोजक्या, साध्या शब्दांत लिहायचा. मराठी माध्यमातून आलेल्यांना शब्दकोश शेजारी घेऊन बसावं लागत नाही. मेग्रे धावपळ करत नाही, भिंगही काढत नाही. मेलेल्याच्या घरात जाऊन बसतो, पाइप ओढतो, शेजाऱ्यांशी बोलतो. चौकशी रात्रभर लांबली की समोरच्या ब्रासरीतून, म्हणजे खाण्यापिण्याच्या ठिकाणाहून, बिअर आणि सँडविच मागवतो. समोरच्या माणसाला हे करावंसं का वाटलं, हे कळेपर्यंत त्याला चैन नाही.

एका मेग्रेच्या जुन्या प्रतीतही मला नाव लिहिलेलं सापडलं. चडफडत वाचायला घेतली आणि शेवटपर्यंत काही बिघडलं नाही. कोण ते कळलं होतं, पण तो तिथवर कसा पोचला हे बॉलपेनवाल्याला समासात मावण्यासारखं नव्हतं.

उणिवा आहेत. रहस्य कधीकधी अगदीच पातळ असतं, आणि धक्क्याची सवय लागलेल्याला 'एवढंच?' असं वाटू शकतं. आपल्या वाचनालयांत तो क्वचित दिसतो, मागवावा लागतो. धक्का आणि कारण दोन्ही हवं असेल, तर जपानच्या केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' बघा. खून कोणी केला हे सुरुवातीलाच समोर दिसतं, तरी शेवट हादरवतो.

म्हणून घरात चौघे मिळून पैज लावत वाचणार असाल, तर ख्रिस्तीच घ्या, शक्यतो कोरी. गाव आणि काळ यांची ओढ असेल तर ब्योमकेश. एकट्यानं, उधारीच्या पुस्तकांवर वाचणाऱ्याला मात्र मी मेग्रेच सुचवेन, आणि त्यातही 1955 ची 'मेग्रे सेट्स अ ट्रॅप'. पॅरिसच्या मॉन्मार्त्र भागात बायकांचे खून, ऑगस्टचा उकाडा, आणि संशयित पुस्तकाच्या मध्यावरच ताब्यात. उरलेलं अर्धं पुस्तक त्याच्या घरातल्या दोन बायकांकडे बघण्यात जातं. मालिका क्रमानं वाचायची गरज नाही, हाताला लागेल तिथून सुरू करा.