‘आय-७ आहे मॅडम, अजून काय पाहिजे?’

लेकीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात आम्ही तिच्यासाठी लॅपटॉप घेतला. तिथेच घाई झाली. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, कुठली सॉफ्टवेअर लागणार याची यादीही हातात आली नव्हती. पण बाकीच्या मुलांचे लॅपटॉप आले असतील, आपली मागे पडायला नको, असं माझ्या मनाने घेतलं. मी ऑफिसात हिशेबाचं काम करते, दिवसभर संगणकासमोरच बसते. त्यामुळे लॅपटॉप निवडणं आपल्याला जमेल असं मला वाटत होतं.

ओळखीतून एका विक्रेत्याचा पत्ता मिळाला. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर रद्द झाली, त्यातले लॅपटॉप आहेत, माल नवाच, फक्त डबा उघडलेला, असं त्याने सांगितलं. एक काळा, दणकट लॅपटॉप काढून समोर ठेवला. कीबोर्डच्या कडेला चकचकीत स्टिकर होता, त्यावर ‘आय-७’, म्हणजे आतल्या प्रोसेसरचं, लॅपटॉपच्या मेंदूचं, नाव. मग त्याने एका दमात म्हणून टाकलं: आय-७, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, विंडोज ११, वर ऑफिस, ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स सगळं फुकट टाकून देतो. तेवढ्याच पैशात बाकी दुकानांत आम्हाला आय-३ दाखवत होते.

लेकीने विचारलं, “जनरेशन कुठलं आहे?”

प्रश्न तिचा होता, पण तो बोलला माझ्याकडे बघून. “आय-७ आहे मॅडम, अजून काय पाहिजे? याच्या वर काही नसतं.”

ती पुन्हा काही विचारणार होती. मी म्हटलं, “अगं, ते रोज हेच विकतात, त्यांना कळत नसेल का?” ती गप्प बसली. सगळ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त सलतं ते हे वाक्य. पैशांचं दुःख त्यानंतर.

रोख दिले तर अजून थोडे कमी करतो म्हणाला, म्हणून रोख दिले. पावतीवर त्याने हाताने लिहिलं: ‘लॅपटॉप आय-७, १ नग’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. खाली ‘दुकानाची वॉरंटी ६ महिने’. कंपनीची वॉरंटी आणि दुकानाची वॉरंटी यात काय फरक असतो, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिला महिना बरा गेला. नोट्स टाइप करणं, व्हिडिओ बघणं, असाइनमेंटचे पीडीएफ, एवढ्याला कुठलाही लॅपटॉप पुरतो. बॅटरी दीड तासात बसायची, तेव्हा ‘नवीन बॅटरी सेट व्हायला वेळ लागतो’ असं विक्रेत्याने फोनवर सांगितलं आणि आम्ही मानलं. मग सॉलिडवर्क्सचं, म्हणजे यंत्रांचे भाग संगणकावर त्रिमितीत काढायच्या सॉफ्टवेअरचं, काम सुरू झालं. एखादा सुटा भाग काढेपर्यंत ठीक चालायचं, पण दहा-बारा भाग जोडून असेंब्ली फिरवायला घेतली की पडदा गोठायचा, पंखा घोंघावायचा, आणि कधी कधी सगळं बंद पडून न साठवलेलं काम जायचं. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या आय-३ वर तीच फाइल सहज फिरत होती. रात्री फोनवर ती रडवेली होऊन म्हणाली, “आई, माझं काहीतरी चुकतंय बहुतेक. मला हे सॉफ्टवेअर जमतच नाहीये.” आपल्या मुलीला स्वतःच्या कुवतीबद्दल शंका यावी आणि दोष यंत्राचा असावा, हे आजही आठवलं की जीव तुटतो.

तिच्या एका सीनियर मुलीने विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचं पान दाखवलं. वर प्रोसेसरचं पूर्ण नाव होतं: कोअर आय-७-६६००यू. खाली कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग: २.

नंतर लेकीने मला जे समजावलं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण सगळी फसवणूक याच एका जागी होती. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आय-३, आय-५, आय-७ ही त्या त्या पिढीतली, म्हणजे जनरेशनमधली, पायरी असते. पिढी कुठली, ते पुढच्या आकड्यात असतं. तो आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी, नाहीतर पहिला एकच. ६६०० म्हणजे सहावी पिढी. हा प्रोसेसर २०१५ सालचा, दोन कोअरचा. शेजारच्या मुलाचा आय-३-१२१५यू म्हणजे बारावी पिढी, २०२२ चा, सहा कोअरचा. म्हणजे आय-३ आमच्या आय-७ पेक्षा कितीतरी पुढे होता, आणि स्टिकर बघून कुणीही नेमकं उलटं समजलं असतं. मीही तेच समजले. शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे: यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ अशी नावं आणली आहेत, तिथे ‘आय’ हे अक्षरच नाही. एएमडी कंपनीच्या रायझेन प्रोसेसरमध्येही नुसतं नाव बघून चालत नाही. रायझेन ५ ७५२०यू ऐकायला ७००० मालिकेतला, म्हणजे नवा वाटतो. पण त्या मालिकेत आतली रचना तिसरा अंक सांगतो, आणि तिथला २ म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना. ७५३०यू मध्ये त्याच जागी ३ आहे, आणि तो झेन ३ चा.

ग्राफिक्सचं तर उघड खोटं होतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स गरजेप्रमाणे रॅममधूनच, म्हणजे लॅपटॉपच्या चालू कामाच्या मेमरीतूनच, जागा घेतं, आणि विंडोज ती मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी दाखवतं. ८ जीबीच्या निम्मे म्हणून ४. त्याने दुकानात तेच पान उघडून “हे बघा, चार जीबी” म्हणून दाखवलं होतं. त्या आकड्याशेजारी ‘शेअर्ड’ लिहिलेलं होतं. स्वतःची मेमरी असलेल्या कार्डाच्या आकड्याशेजारी ‘डेडिकेटेड’ असतं. हा एक शब्द वाचायला दहा सेकंदं लागतात.

मग आम्ही बॅटरीचा अहवाल काढला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ (/) आणि सलग ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप केलं की विंडोज स्वतःच एक पान तयार करून देतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी असते. आमची मूळच्या निम्म्याच्याही खाली होती. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, किती तास चालली आहे ते दाखवलं: ९,४०० तास. दिवसाला आठ तास धरले तरी कामाचे पावणेबाराशे दिवस. कुणाच्या तरी ऑफिसात चार-साडेचार वर्षं राबलेला लॅपटॉप पुसून, नवा स्टिकर लावून आम्हाला नवा म्हणून दिला होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर, आधीच्या मालकाने घातलेला मालमत्ता क्रमांकही तसाच होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ५१२ जीबीची डिस्क ४७६ दिसत होती, तेव्हा इथेही फसवलं असं मला वाटलं. तसं नव्हतं. बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो. तिथे विक्रेत्याला दोष देऊ नका.

विंडोज ११ तर त्या यंत्राला अधिकृतपणे चालतच नव्हतं. इंटेलचं असेल तर, मोजके अपवाद सोडता, आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. विक्रेत्याने तपासणी चुकवून ते बसवलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या प्रोग्रामने दोन मिनिटांत नकार दाखवला. परत विंडोज १० वर जावं, तर त्याचा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि ‘फुकट’ टाकून दिलेली सॉफ्टवेअर चोरीची निघाली. ती चालावीत म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता, आणि माझी लेक त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करत होती. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी हे करायची गरजच नव्हती. पात्र विद्यार्थ्यांना ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी मोफत देते, वर्षाच्या मुदतीवर, शिकत असेपर्यंत नूतनीकरण करून. बऱ्याच सॉफ्टवेअरचे परवाने कॉलेजकडेच असतात. पैसे मोजण्याआधी तिथे विचारा.

हे सगळं छापून आम्ही दोघी विक्रेत्याकडे गेलो. तो शांत होता. “आय-७ सांगितलं, आय-७ दिलं. जनरेशन तुम्ही विचारलं नाही.”

लेक म्हणाली, “मी विचारलं होतं.”

त्याने पावती मागितली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, “यावर सिरियल नंबर कुठे आहे? हाच लॅपटॉप आमच्याकडचा कशावरून?” त्या वाक्यावर आमचं सगळं संपलं. रोख दिलेले, पावतीत काही नाही, बोलणं सगळं तोंडी. शेवटी ‘परत घेतो, पण जुन्याच्या भावाने’ म्हणत त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही उठलो.

म्हणून सांगते, पावती हातात घेतल्यावर तिथेच उभं राहून वाचा. मॉडेलचं पूर्ण नाव, सिरियल नंबर, प्रोसेसरचं आकड्यासकट नाव, आणि ‘नवा’ की ‘रिफर्बिश्ड’ (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) हा शब्द, एवढं त्यावर असलंच पाहिजे. पावतीवरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बायोसमधला सिरियल नंबर एकच आहे का ते बघा. तोच बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की बहुतेक ठिकाणी वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते ते दिसतं. ‘नव्या’ लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांपूर्वी संपलेली निघाली, तर पुढे काही बोलायचं उरत नाही. हे करताना विक्रेता घाई करू लागला, किंवा “आम्ही असं चालू करून दाखवत नाही” म्हणाला, तर बाहेर पडा.

रिफर्बिश्ड घेऊच नये असं मी म्हणत नाही. जुना म्हणून सांगून, तपासून, लेखी वॉरंटीसह दिलेला चांगला लॅपटॉप कमी बजेटमध्ये नव्यापेक्षा सरस ठरू शकतो. आम्ही दुसऱ्यांदा तसाच घेतला. रॅम १६ जीबी बघितली, कारण सॉलिडवर्क्स तेवढी मागतंच. रॅम बोर्डावर पक्की बसवलेली आहे की पुढे वाढवता येते, हेही विचारलं. पडदा १९२०×१०८० चा, त्याहून कमी असला की ड्रॉइंगच्या बारीक रेषा नीट दिसत नाहीत. मॅकबुक आवडत असेल तर लक्षात ठेवा, सॉलिडवर्क्स मॅकवर थेट चालत नाही. कॉम्प्युटर शाखेच्या बहुतेक मुलांना वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज पडत नाही, त्यांनी तो पैसा रॅममध्ये घालावा. रंग, रोषणाईचा कीबोर्ड, सोबतची फुकट बॅग याकडे आम्ही या वेळी बघितलंही नाही.

त्या दुसऱ्या दुकानात मी खुर्चीवर मागे बसले होते. लेकीने काउंटरपाशी जाऊन विचारलं, “काका, पैसे द्यायच्या आधी मी टास्क मॅनेजर आणि बॅटरी रिपोर्ट बघू का?” दुकानदाराने लॅपटॉप तिच्या दिशेने वळवला आणि चार्जर काढून ठेवत म्हणाला, “बघ ना, बॅटरीवरच बघ.” ती अर्धा तास एकेक पान उघडत होती, वहीत टिपत होती. मधेच मागे वळून तिने माझ्याकडे बघितलं. मी फक्त मान हलवली, आणि ती पुन्हा पुढचा प्रश्न विचारू लागली.