भारताचे करार शोधताना: परराष्ट्र मंत्रालयाचा संग्रह की संयुक्त राष्ट्रांचा?

तासगावची द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या सांगलीच्या निर्यातदाराला दोन्ही लागतात. द्विपक्षीय करारासाठी आधी मंत्रालयाचा संग्रह उघडा. मात्र सहीची तारीख म्हणजे अंमलाची नव्हे: अमिरातीशी व्यापार करार १८ फेब्रुवारी २०२२ ला झाला, लागू झाला १ मेपासून. संयुक्त राष्ट्रांकडे असे करार नोंदणीनंतरच येतात (सनदेचं कलम १०२); ताजा करार तिथे शोधत बसू नका.

बहुपक्षीय करारांना मात्र संयुक्त राष्ट्रांचाच संग्रह खरा. कोण सहभागी, कधीपासून, कोणी कोणत्या कलमातून सूट राखून ठेवली, सगळं एका पानावर. १९८० चा आंतरराष्ट्रीय मालविक्री करार (देशादेशांतल्या खरेदी-विक्रीचे समान नियम) त्या संग्रहाच्या दहाव्या प्रकरणात पाहा: नेदरलँड्स आहे, भारत नाही. तरीही सौद्याला डच कायदा लावला की तो करार मागच्या दाराने येतो. नको असेल तर सौद्यात तसं स्पष्ट लिहा.