बर्लिनचं मोआबिट फौजदारी न्यायालय: मागच्या बाकावरून

साताऱ्यात अकरा वर्षं फौजदारी वकिली केली. त्यामुळे नव्या शहरात गेले की तिथलं कोर्ट बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बर्लिनला राहायला आले, जर्मन भाषा कानात जरा मुरली आणि एका सकाळी टुर्मश्ट्रासे ९१ गाठलं.

१९०६ साली सुरू झालेली ही अवाढव्य वास्तू आहे. आत शिरलं की उंच दालन आणि वर चढत जाणारे दगडी जिने दिसतात. इथे दोन पातळ्यांची न्यायालयं बसतात: टिअरगार्टनचं आम्ट्सगेरिश्ट, म्हणजे सर्वांत खालचं कोर्ट, आणि त्याच्या वरचं लांडगेरिश्ट. सुनावणी खुली असते आणि आत जायला पैसे पडत नाहीत. दारात विमानतळासारखी तपासणी होते. चालू सुनावणीचं चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण करायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणून वही-पेन सोबत ठेवा.

प्रत्येक कक्षाच्या दाराशी त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. तो वाचून मी आधी एका चोरीच्या प्रकरणाला बसले. दुकानातून वारंवार माल उचलल्याचा आरोप होता. समोर एकच न्यायाधीश. दुसऱ्या कक्षात जबरी चोरीचं प्रकरण होतं. तिथे मधे काळ्या झग्यातला न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंना साध्या कपड्यांतली दोन माणसं. ते श्योफेन, म्हणजे पाच वर्षांसाठी निवडलेले सामान्य नागरिक. मतदानात त्यांचं प्रत्येकी एक मत न्यायाधीशाच्या मताइतकंच असतं. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे दोघे एक झाले तर न्यायाधीश मागे पडतो. स्वेटर घातलेल्या बाईंनी साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारला, तेव्हा मी बाकावर सरसावून बसले.

एका मॅटरला एक माणूस आणि दुसऱ्याला तीन, हे कसं ठरतं? आपल्याकडे कलम बघितलं की कोर्ट कळतं. बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, पहिल्या अनुसूचीत शेवटच्या रकान्यात ते छापलेलंच असतं. जबरी चोरी आपल्याकडे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी एकटा चालवतो. शिक्षा देताना त्याचा हात तीन वर्षांवर थांबतो. आणखी शिक्षा द्यावीशी वाटली, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातं. जर्मनीत कलमाच्या जोडीला अंदाज येतो: या आरोपीला, या प्रकरणात, किती शिक्षा होण्यासारखी आहे? किमान शिक्षा एक वर्ष किंवा जास्त असेल तर तो गंभीर गुन्हा. जबरी चोरी त्यात मोडते, म्हणून ती एकट्या न्यायाधीशापुढे जातच नाही. त्याखालचा गुन्हा असेल आणि दोन वर्षांहून जास्त शिक्षेची शक्यता नसेल तर एकटा न्यायाधीश पुरतो. अंदाज त्यापुढे पण चार वर्षांच्या आत असेल तर श्योफेनचं न्यायालय. चारपलीकडे लांडगेरिश्ट. खून तर अंदाजाची वाट न बघता थेट तिथेच, आणि दहशतवाद, देशद्रोह यांसारखी प्रकरणं त्याहून वरच्या कोर्टात. दोन वर्षं हा फक्त अंदाज आहे. सुनावणीत प्रकरण जड निघालं तर एकटा न्यायाधीशही चार वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतो. हे नियम १८७७ च्या न्यायालय-रचना कायद्यात आहेत. आजचे दोन आणि चारचे आकडे मात्र १९९३ पासूनचे.

मला सर्वांत भावली ती पुढची गोष्ट. नेमका कोणता न्यायाधीश, हे कोणी सोयीने ठरवत नाही. दरवर्षी कामकाजाचं वर्ष सुरू होण्याआधी न्यायाधीशांचंच मंडळ वाटपाचा आराखडा करतं. कोणत्या प्रकारचं प्रकरण कोणाकडे, हे गुन्हा घडण्याच्याही आधी लिहून ठेवलेलं असतं. जर्मन संविधानाचं १०१ वं कलम सांगतं की कोणालाही त्याच्या कायदेशीर न्यायाधीशापासून हिरावून घेता येणार नाही. साताऱ्यात पक्षकाराचा पहिला प्रश्न असायचा, “मॅडम, कुणाच्या बोर्डावर लागलंय?” त्या प्रश्नातली धास्ती मी रोज बघितली आहे. म्हणून तो आराखडा मला जिव्हाळ्याचा वाटतो.

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा कायद्याचा कापला आहे, इमारतीचा नव्हे. प्रकरणाला ‘विशेष महत्त्व’ आहे, असं म्हणून सरकारी वकील चार वर्षांच्या आतलं प्रकरणही लांडगेरिश्टात दाखल करू शकतो. १९५९ साली घटना न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली आणि कोर्ट त्या निवडीची तपासणी करतं, हे खरं. तरी आधी ठरलेल्या वाटेत ही फट राहते, आणि बचावाच्या बाजूने उभी राहिलेली बाई म्हणून ती मला खुपते. शिवाय वाटपाचा आराखडा कोर्टाच्या कचेरीत पाहायला ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, प्रसिद्ध करणं नाही. तेही हवं होतं.

जर्मन येत नसेल तर जाणता सोबती घेऊन जा, पण कुजबुज टाळा. श्योफेन असलेला कक्ष निवडा आणि निकालापर्यंत थांबा. लहान प्रकरणांत तो बहुधा त्याच दिवशी लागतो. निकालाच्या सुरुवातीचे ‘लोकांच्या नावाने’ हे शब्द आले की सगळा कक्ष उभा राहतो: न्यायाधीश, आरोपी, आपण, आणि त्या स्वेटरवाल्या बाईसुद्धा.