ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं केली आमच्या बोटीची वायरिंग

गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर आमच्या महिला बचत गटाची एक बोट आहे. बावीस फुटी, फायबरची, पुढं दोन माणसं आडवी होतील एवढं केबिन, मागं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. रायगडकडून सेकंडहँड घेतली, ट्रकवर टाकून आणली. १९८८ मध्ये राजीव गांधींनी या धरणाची कोनशिला बसवली तेव्हा मी तिसरीत होते. आज बोट जिथून वळवतो, तिथं खाली आमच्या घरचं धानाचं शेत होतं. ते असो. मी गटाची सचिव, हिशेबाची वही माझ्याकडे. या बोटीवर सगळ्यात जास्त पैसा कशात गेला असेल तर वायरिंगमध्ये, आणि तोही दोनदा.

पहिल्यांदा काम केलं ते शहरातल्या एका घरगुती फिटिंगवाल्यानं. नाव लिहीत नाही. बोट समुद्रात राहिलेली, त्यामुळे जुन्या वायरीची साल काढली की आतलं तांबं हिरवं-काळं. त्यानं त्या वायरी काढल्याच नाहीत. जिथं तुटलं तिथं घरात लावतात तसली एकतारी वायर जोडली, पीळ मारला, वरून काळी टेप गुंडाळली. प्लस पण काळी, मायनस पण काळी. बॅटरीजवळ फ्यूज एकही नाही. आम्हाला काय कळतं? दिवा लागला, आम्ही पैसे दिले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी नऊ पाहुणे घेऊन आंभोऱ्याच्या बाजूनं परत येत होतो. अंधार पडायच्या बेतात दिवे मंद झाले, मग गेले. केबिनमध्ये जळल्याचा वास. इंजिन बंद करून पाहावं म्हटलं, तर परत सेल्फच उचलेना. एकाच बॅटरीवर सगळं चालत होतं आणि ती बसलेली. आमच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, उजेड नसताना तिथं हलणं म्हणजे जिवाशी खेळ. एका ढीवर (मासेमार) दादानं डोंग्याला दोर बांधून दीड तासात काठाला आणलं. पैसे घेतले नाहीत. पाहुण्यांचे मात्र आम्ही परत केले.

म्हणून हा मिस्त्री. पवनी रोडवर टिनाच्या शेडमध्ये ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरची वायरिंग करतो. मी गेले तर म्हणाला, “मीनं बोट कधी केली नाही ताई. पण बारा व्होल्ट ट्रॅक्टरले बी बाराच, बोटीले बी बाराच. पाण्याचं तेवढं तुमी सांगा.” मला हे उत्तर आवडलं. आधीचा म्हणाला होता, सगळं येते.

पहिल्या दिवशी तो पाना-पक्कड न आणता नुसतं सुतळीचं बंडल आणि व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन आला. तासभर बोटीत बसला. पावसाचं पाणी कुठून उतरतं, पेट्रोलची टाकी कुठं, माणसं पाय कुठं ठेवतात, एवढंच विचारत होता. मग प्रत्येक वायर ज्या वाटेनं जाणार त्या वाटेनं सुतळी फिरवली आणि मापली. जाण्याचं माप दुप्पट धरलं, कारण करंटला परत पण यावं लागते. तळातलं पाणी उपसणारा पंप बॅटरीपासून सहा मीटरवर, म्हणजे वायर बारा मीटर. जुन्या वायरीवर त्यानं मीटर लावून दाखवलं: बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पंप चालू असताना पंपापाशी १०.८. “पंप खराब नाही ताई, त्याले उपाशी ठेवला.” आम्ही त्या पंपाला तीन महिने शिव्या घातल्या होत्या. तरी त्याच्या पात्या झिजलेल्या निघाल्या, म्हणून बदलायचा ठरलाच.

जुनी वायरिंग त्यानं सगळी उपटली. दोन घमेले भरले. नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याची, मल्टीस्ट्रँड, म्हणजे बऱ्याच बारीक तारांची. ती इकडे मिळाली नाही, मुंबईहून मागवावी लागली. आमचं पाणी गोडं, साधी चालणार नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला चालेल, पण ओलावा तारेच्या आत वातीतल्या तेलासारखा चढतो, आणि बोटीच्या तळाशी ओलावा कधी संपत नाही. पंपाला ४ स्क्वेअर मिलिमीटरची टाकली, दिव्यांना बारीक. त्यानंतर पंपापाशी १२.३ आले. मी स्वतः वाचले.

माझा भाचा आयटीआयवाला, तो सांगत होता की जोड सोल्डरनंच पक्का होतो. मिस्त्री ऐकेना. ट्रॅक्टरवर त्याचं पाहिलेलं: सोल्डर तारेत जिथपर्यंत झिरपतं तिथपर्यंत ती कडक होते, आणि थरथरीनं नेमकी त्या कडेवर तुटते. त्यानं सगळे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपणं) पंच केले, प्रत्येक ओढून पाहिला, वरून आत डिंक असलेली स्लीव्ह गरम करून बसवली. फायबरला जिथं भोक तिथं रबरी ग्रोमेट. हे सगळं दिसत नाही, पण बिल यातच वाढलं.

बॅटऱ्या आता दोन. जुनी फक्त इंजिनच्या सेल्फसाठी, नवी १०० अँपिअर-अवरची दिवे, पंप, हॉर्न, मोबाइल चार्जिंगसाठी. मध्ये अदलाबदलीचा मोठा स्विच. दिवे रात्रभर राहिले तरी इंजिन सकाळी उचलतं. दोन्ही पट्ट्यानं आवळलेल्या, झाकणाला हवेची भोकं, आणि प्रत्येकीपासून वीतभराच्या आत मेन फ्यूज. आधी स्विचबोर्ड पेट्रोलच्या टाकीजवळ खाली होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहते, आणि तिथंच स्विचची ठिणगी. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या मुली तिथं बसून सिनेमा पाहत होत्या. बोर्ड आता सुकाणूजवळ वर आहे.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत.

काम पाच दिवसांचं ठरलं आणि लागले एकोणीस. मृग लागला, चिखलणी सुरू झाली, आणि मिस्त्री ट्रॅक्टरांमागे गायब. बोट अर्ध्या वायरी लोंबकळत घाटावर. फोन उचलून म्हणे “उद्या येतो ताई”, आणि उद्या म्हणजे आठवडा. ज्यांना घाई आहे त्यांनी त्याला एप्रिलमध्येच धरावं.

दुसरं, लाल-हिरवे दिवे त्यानं उलटे बसवले. डाव्या अंगाला लाल आणि उजव्याला हिरवा, हे बोटीत बसून पुढं तोंड केल्यावरचं डावं-उजवं. यानं बोटीसमोर घाटावर उभं राहून डावं-उजवं धरलं. अंधारात समोरून येणाऱ्याला आमची बोट लांब जाताना वाटली असती. दहा मिनिटांत बदलून दिले, कान धरले. पण मागचा पांढरा दिवा लाल-हिरव्याच्याच बटणावर ठेवला, तो अजून तसाच. नांगर टाकून थांबलं की फक्त पांढरा पाहिजे. धान कापणीनंतर येतो म्हणाला. मोबाइल चार्जिंगचं पॉइंट तर लोक जिथं ओले पाय टाकतात तिथं. त्याला आम्ही प्लास्टिकची डबी अडकवली आहे.

खर्च: सामान २६,५९०, मजुरी ९,५००. एकूण ३६,०९० रुपये. यात बॅटरी १०,४०० ची, वायर ४,२०० ची, पंप फ्लोटसकट ३,९०० चा. गटात कुरबूर झाली, एवढ्यात दोन शिलाई मशिनी आल्या असत्या. मी दिव्यांशिवायच्या त्या संध्याकाळची आठवण दिली, तेव्हा गप्प झाल्या. पूर्ण नाही.

पंपाचं एक सांगते. तो मेन स्विचमधून न जाता थेट बॅटरीला जोडलाय, स्वतःच्या फ्यूजवर, म्हणजे सगळं बंद करून आम्ही घरी गेलो तरी पाणी चढलं की फ्लोट उचलतो आणि पंप चालू. जुलैत रात्रभर पाऊस झाला. सकाळी घाटावरचे म्हातारे राखणदार माझ्या दारात. “बाई, तुमची बोट रातच्यान मुतते व.” मी जाऊन पाहिलं, तळ कोरडा.

आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो कागद. काम संपल्यावर त्यानं वहीच्या दुहेरी पानावर सगळा नकाशा काढला, प्लास्टिकमध्ये घालून बॅटरीच्या झाकणाच्या आतून चिकटवला. प्रत्येक वायरीवर नंबर, तोच नंबर कागदावर, बाजूला फ्यूज किती अँपिअरचा. आणि सगळं मराठीत: “तळपंप”, “मागचा पांढरा”, “भोंगा”. मी विचारलं, इंग्रजीत नाही लिहिलं? तर म्हणे, “मी मेलो त तुमालेच वाचावं लागन ना.” आधीच्या मिस्त्रीला मी असा कागद मागितला होता, तो हसला होता.

मागच्या आठवड्यात पंप बंद पडला. मी भंडाऱ्याला होते. माझी जाऊ, सातवीपर्यंत शिकलेली, तिनं झाकण उचललं, सात नंबर शोधला, ५ अँपिअरचा फ्यूज जळलेला पाहिला. नवा टाकायच्या आधी तिनं खाली हात घातला, तर पंपाच्या तोंडात इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची मुळं अडकलेली. ती ओढून काढली, फ्यूज टाकला, आणि मग मला फोन केला, तोही फ्यूजची पाकिटं संपत आली, येताना घेऊन ये, एवढं सांगायला.